डोळ्यावर आलेला दिवा : नवशिक्या तक्रारदारांसाठी

रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर काय करायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. नगरसेवकाला फोन करायचा, नाहीतर वायरमन चौकात चहाला येतो तिथे त्याला गाठायचं. पण दिवा चालू असेल, चांगला ठणठणीत असेल, आणि रस्ता सोडून रात्रभर तुमच्या उशीवर उजेड पाडत असेल, तर? इतिहासाच्या शेपटीला बांधलेल्या नागरिकशास्त्रात यावर धडा नव्हता. मी तो अकरा महिने स्वखर्चाने शिकलो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ब वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत, पहिल्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या खोलीत. मागून येणाऱ्यांची उमेदीची वर्षं वाचावीत म्हणून ही मार्गदर्शिका.

आधी खात्री करा

दिवा खरंच घुसखोर आहे की तुम्हाला मुळातच झोप कमी आहे, हे ठरवायला हवं. खोलीतले दिवे मालवा, पडदा ओढा, पलंगावर बसा आणि वर्तमानपत्र उघडा. ठळक मथळे वाचता आले तर पडदा बदला. बातमी वाचता आली तर अर्ज करा. छोट्या जाहिराती वाचता आल्या तर थेट मुख्याधिकाऱ्यांकडे जा. मला निविदा सूचना वाचता आल्या. त्यातली एक पथदिव्यांचीच होती.

मग मोबाइलवर प्रकाश मोजायचं एखादं फुकट ॲप घ्या. ते फार अचूक नसतं, पण आकडा देतं, आणि कार्यालयात आकड्याला खुर्ची मिळते. माझ्या उशीवर ९ लक्स भरले. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. म्हणजे माझ्या उशाशी रोज छत्तीस कोजागिऱ्या, आणि मसाला दूध एकदाही नाही.

रस्त्यांच्या दिवाबत्तीसाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस १९४४. हा क्रमांक आहे, साल नव्हे. मानक १९७० सालचं. हलक्या रहदारीच्या आडरस्त्याला त्यात सरासरी ४ लक्स पुरेसे मानले आहेत आणि बाजारपेठेच्या, वर्दळीच्या रस्त्याला ८. याचा अर्थ, माझ्या उशीवरून बाजाराच्या दिवशीची रहदारी निर्धोक जाऊ शकते. हे वाक्य अर्जात घालू नका. मी घातलं होतं. अर्ज वाहतूक शाखेकडे वर्ग झाला.

हा उजेड आला कुठून, हेही माहीत असू द्या. चर्चेत उपयोगी पडतं. पूर्वी खांबावर सोडियमचे दिवे होते. पिवळट, पेंगुळलेले, पावसाळ्यात त्यांच्याखाली पावसाच्या रेघा मोजता यायच्या. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारने पथदिवे बदलायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगावी एलईडी चढले. वीज वाचली, यात कोणाचा वाद नाही, माझाही नाही. पण सोडियमचा रंग २००० केल्विनच्या आसपासचा, आणि आमच्याकडे आलेले पांढरेफटक दिवे ६५०० चे. हा आकडा जितका चढा तितका उजेड निळसर. निळसर उजेड डोळ्यांत गेला की मेंदूला वाटतं उजाडलं, आणि झोप आणणारं मेलॅटोनिन बनवण्यात तो हात आखडता घेतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की रस्त्यावर ३००० केल्विन किंवा त्याखालचेच दिवे लावा आणि त्यांना नीट आडोसा करा. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबावरच्या कोकिळाला हे कोणी कळवलेलं नाही. तो रात्री दीडला सुरू होतो.

घरच्या आघाडीवरचा विरोध

पहिला विरोधक घरातच भेटतो. माझी आई तिन्हीसांजेला गल्लीतला दिवा लागला की खिडकीतूनच त्याला हात जोडते. तिच्या लेखी देव्हाऱ्याशिवाय घरात दुसरा नंदादीप आला, तोही नगरपरिषदेच्या बिलावर. "आम्ही कंदिलाच्या काचा राखेने पुसून पुसून हात कापून घेतले," ती म्हणाली, "आणि तू उजेड आला म्हणून रडतोस?" शेजारच्या काकांनी तर सरळच विचारलं, "तुम्हाला अंधारात असं काय करायचंय?"

यावर चिडू नका. आईचं म्हणणं नीट ऐका, कारण नगरपरिषदेचं म्हणणंही तेच आहे. तीन पिढ्यांनी सरकारकडे उजेड मागितला. सगळे छापील नमुने, सगळ्या नोंदवह्या, सगळी टेबलं अंधाराच्या तक्रारीसाठी बनलेली आहेत. उजेडाची तक्रार आली की कारकुनाला ती जेवणाच्या पंगतीत "वाढप फार होतंय" असं ओरडणाऱ्या पाहुण्यासारखी वाटते.

ही गोष्ट मला ऑनलाइन तक्रार करताना पहिल्यांदा कळली. तक्रारीचे प्रकार असे होते : दिवा बंद, दिवा दिवसा चालू, दिवा लुकलुकतो, खांब वाकला, वायर लोंबकळते. 'दिवा जास्त' नव्हता. मी 'इतर' निवडलं. 'इतर' म्हणजे काळं पाणी. तिथून परत आलेली तक्रार मी पाहिलेली नाही. माझी मात्र चौथ्या दिवशी आली. "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे," असा संदेश, आणि पुराव्यादाखल छायाचित्र. छायाचित्रात तोच दिवा लखलखत होता.

खांब कुणाचा?

याचं उत्तर गावोगाव वेगळं असतं. मुंबईकरांचं तर विचारूच नका. तिथे शहरात बेस्ट, उपनगरांत अदाणी, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण अशी वाटणी आहे, त्यामुळे तक्रारीआधी भूगोल पक्का लागतो. आमच्याकडे खांब वीज कंपनीचा, दिवा नगरपरिषदेचा, देखभाल ठेकेदाराची आणि झोप माझी, असे चार भागीदार निघाले. पहिल्या तिघांचा आपसात करार होता. चौथ्याला कुणी विचारलं नव्हतं.

कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच येईल : "पोल नंबर काय?" तुम्ही चौक सांगाल, पिठाची गिरणी सांगाल, गिरणीसमोरचं मारुतीचं देऊळ सांगाल. समोरचा माणूस त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला असेल, कदाचित तुमच्याच वर्गात असेल. तरी तो नंबरच मागेल. नंबराशिवाय खांब अस्तित्वात नसतो.

वेळेचं गणित

आता सगळ्यात अवघड भाग. सरकारी कार्यालयांची वेळ आठवड्याचे पाच दिवस, पावणेदहा ते सव्वासहा. दिवा लागतो सूर्यास्तानंतर. म्हणजे दिवा चालू असताना कार्यालय बंद आणि कार्यालय चालू असताना दिवा बंद. दोघांची गाठ पडत नाही.

तीन अर्जांनंतर माझ्या दिव्याची पाहणी मंजूर झाली. कनिष्ठ अभियंता साहेब आले, बरोबर ठेकेदाराचा माणूस. वेळ सकाळी साडेअकरा. साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढून दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला. बाहेर वैशाखाचं ऊन. साहेबांनी पडदा ओढला, खोलीतल्या प्रकाशाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "उजेड आहे, पण तो दिव्याचा वाटत नाही." पाहणी अहवालात लिहिलं गेलं, 'प्रत्यक्ष पाहणीवेळी त्रास आढळून आला नाही.' त्यावर माझीही सही आहे.

नवशिक्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की नोव्हेंबरअखेर आपल्या भागात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. कार्यालय सव्वासहाला सुटतं. आमचा दिवा त्या दिवसांत सहा-पाचला लागतो. वर्षातून काही आठवडे, रोज दहा मिनिटं, शासन आणि उजेड एकाच वेळी जागे असतात. पाहणीची तारीख तेव्हाची मागा. ती दहा मिनिटं साहेब निघायच्या गडबडीत असतात, पण गडबडीत असला तरी माणूस डोळे मिटून गाडी काढत नाही.

नगरसेवक

दिव्याचा खांब नीट पाहा. त्यावर एक पाटी असण्याची शक्यता आहे : अमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून. ते आता माजी असले तरी फरक पडत नाही, पाटीवर 'माजी' लिहिलेलं नसतं. तुम्ही दिव्याविरुद्ध बोलताय असं तुम्हाला वाटतं. ऐकणाऱ्याला तुम्ही विशेष प्रयत्नांविरुद्ध बोलताय असं ऐकू येतं. म्हणून आधी आभार माना. सविस्तर माना. चहा येईपर्यंत माना.

मी तसं केलं नाही. मी म्हणालो, "दादा, या दिव्याचा त्रास होतोय." दादा म्हणाले, "काढून टाकू?" आणि त्यांनी खरंच फोन उचलला.

इथे मी घाबरलो, आणि तुम्हीही घाबरलं पाहिजे. दिवा काढा, असं चुकूनही म्हणू नका. आमच्या गल्लीच्या टोकाला शिकवण्या चालतात, पोरी रात्री साडेनऊला सायकली हातात धरून घरी जातात. त्यांना तो दिवा हवा आहे. मलाही त्यांना तो मिळायला हवा आहे. तो त्यांच्या वाटेवर पडावा आणि माझ्या उशीवर पडू नये, एवढंच मागणं. 'काढा' आणि 'वळवा' यांतला फरक कार्यालयाला समजावणं, हेच या अभ्यासक्रमातलं प्रात्यक्षिक आहे. बाकी सगळी लेखी परीक्षा.

याच कारणाने बेचकी वापरू नका. मोह होईल, आमच्या पिढीतल्या पुष्कळांचा नेम अजून शाबूत आहे. पण ती सार्वजनिक मालमत्तेची नासधूस ठरते, आणि दिवा फुटला तर नवा येतो. आमच्याकडे एका रात्री वादळात फुटला होता. दोन दिवसांत नवा आला, आधीपेक्षा जास्त वॅटचा. बंद दिव्याच्या बाबतीत आमची नगरपरिषद फार तत्पर आहे.

ते एक वाक्य

सात महिने मी झोप, डोकेदुखी, आईचं वय, केल्विन, सगळं लिहून पाहिलं. एकाही अर्जाला पाय फुटले नाहीत. मग एका रात्री, झोप नव्हतीच, म्हणून खाली उतरून रस्त्यावर उभा राहिलो. माझ्या घराची भिंत दुधासारखी पांढरी दिसत होती. भिंतीवर तीन पाली, तिघी सुखवस्तू. आणि खांबाच्या पलीकडे, वळणावर, जिथे गटाराचं झाकण गेली दोन वर्षं नाही, तिथे काळाकुट्ट अंधार. दिव्याखाली अंधार ही म्हण लहानपणापासून ऐकली होती. ती अभियांत्रिकीची आहे, हे तेव्हा कळलं. ब्रॅकेट वर उचललेला होता. झोत रस्ता ओलांडून थेट पहिल्या मजल्यावर येत होता.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज लिहिला. नमुना खाली देतो, जसाच्या तसा उतरवून घ्या.

'विषय : प्रभाग क्र. … मधील पोल क्र. … वरील पथदिव्याचा झोत रस्त्याऐवजी खासगी इमारतीवर पडत असल्याने सार्वजनिक रस्त्यावर अंधार राहत असल्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर दिव्याच्या प्रकाशाचा लाभ नागरिकांना मिळत नसून वळणावर अपघाताची शक्यता नाकारता येत नाही. तरी सदर फिटिंगचा कोन रस्त्याच्या दिशेने खाली करून घेण्यात यावा व घराच्या बाजूस आडोसा बसविण्यात यावा.'

झोपेचा शब्द नाही. आईचा नाही. केल्विनचा नाही. यात पहिल्या ओळीत 'अंधार' आहे, आणि अंधारासाठी टेबल आहे. शिवाय महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ नुसार सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे नगरपरिषदेचं कर्तव्य. रस्त्यांवर. शयनगृहांचा त्यात उल्लेख नाही, म्हणजे माझ्या खोलीत उजेड करून ती कर्तव्यापलीकडची सेवा देत होती, आणि रस्त्याला तेवढी कमी पडत होती.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक-जावक टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच न घेता घरी आलेला अर्ज म्हणजे स्वतःलाच लिहिलेलं पत्र. टेबलावरच्या बाई म्हणतील, "ठेवून जा, नंतर शिक्का मारून ठेवते." थांबा. छत्री पुसा, भिंतीवरची नागरिकांची सनद वाचा, पण थांबा.

माहितीचा अधिकार

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. हा नियम माझ्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच केला असावा. 'का' विचारू नका. 'माझ्या खोलीत उजेड का?' या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही अभिलेखात नसतं, आणि कायदा अभिलेखात आहे तेवढंच देतो. कागद मागा : माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही आणि टिप्पणीची प्रत, सदर खांबावरील दिव्याचे वॅट, खांबाची उंची आणि फिटिंगचा मंजूर कोन दर्शवणारी कागदपत्रं, देखभाल नोंदवहीतली संबंधित पानं.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मला एकोणतिसाव्या दिवशी आलं : 'कोनाबाबतची माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.' वाईट वाटून घेऊ नका, ही फार मोलाची कबुली आहे. कोन कुणी ठरवलेलाच नव्हता. समाधान झालं नाही तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाने माहिती येवो न येवो, फोन येतो.

लोकशाही दिनाचाही मार्ग आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. मी गेलो नाही. गेलेल्या एकांनी सांगितलं की खुर्च्या बऱ्या आहेत.

कुणी म्हणेल, एवढ्याशा दिव्यासाठी एवढा खटाटोप? तर नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी भोवतालच्या गावांमधले दिवे जमिनीकडे तोंड करून लावले. म्हणजे महाराष्ट्रात दिवा खाली वळवता येतो, तंत्रज्ञान उपलब्ध आहे. वाघाला प्रभाग क्रमांक विचारला नाही, एवढाच फरक.

वायरमन

शेवटी तो आला. डिसेंबरातली संध्याकाळ, शिडीची गाडी बिघडलेली, म्हणून साधी बांबूची शिडी हातगाडीवर टाकून आणलेली. खांद्याला पिशवी, पायात रबरी चप्पल. वर चढण्याआधी त्याने माझ्या खोलीत यायची परवानगी मागितली. अकरा महिन्यांत एवढं कुणी केलं नव्हतं. पलंगाच्या कडेला बसून त्याने खिडकीतून दिव्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि हळूच एक शिवी दिली. माझ्या तक्रारीला मिळालेली ती पहिली दखल.

"आम्ही फिटिंग दिवसा लावतो साहेब," तो म्हणाला. "रात्री झोत कुठं पडतोय, बघायला कोण थांबतंय?"

वर जाऊन त्याने ब्रॅकेटचा नट पान्याने सैल केला, फिटिंग वीतभर खाली दाबलं, पुन्हा आवळलं. मग पिशवीतून तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा काढला आणि घराच्या बाजूला तारेने बांधला. पत्र्यावर अजून शेंगदाण्याचं चित्र होतं. खालून मी ओरडत होतो, "अजून थोडं, अजून थोडं," आणि खिडकीत आई उभी राहून उजेड मावळताना बघत होती. घड्याळ लावलं होतं : सहा मिनिटं.

वळणावरचं उघडं गटार आता स्वच्छ दिसतं. त्याची तक्रार वेगळी करायची आहे, ते दुसऱ्या टेबलाचं काम. उशीवर आता अर्धा लक्स भरतो. आई रस्त्यावर उतरून हात जोडून येते. तेवढेच पाय मोकळे होतात, असं आम्ही तिला सांगितलंय. कोकीळ मात्र अजून दीडलाच उठतो. त्याला सवय लागली असावी, किंवा त्याचा अर्ज प्रलंबित असेल.

कागद टाकू नका. ठेकेदार बदलला की फिटिंग बदलतं, आणि नव्या माणसाच्या पिशवीत तेलाचा डबा असेलच असं नाही.

आणि खांबाचा नंबर दिवसाउजेडी उतरवून घ्या. रात्री दिव्यामुळे डोळे दिपतात, तो दिसत नाही.